तुमचं इथं काय आहे?

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. घरात अंकलिपी होती, पण तिच्यातल्या अननसाशी आणि एडक्याशी माझी कधी फारशी ओळख झाली नाही. माझी पहिली अक्षरं पातळ गुलाबी कागदावर होती आणि ती ठळक, मोठी होती: ‘चलो’, ‘निषेध’, ‘जाहीर सभा’. बाबा गिरणीत हजेरी लिहायचे, पण उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत त्यांना गिरणीवाले कोणी म्हणत नसे. ते पत्रकवाले होते. नळाला पाणी आलं नाही, शाळेत आमच्या मुलांना मागच्या रांगेत बसवलं, कुठल्या खेड्यात कुणाचं घर पेटवलं, की बाबा गिरणीतून आल्यावर पाय धुऊन ओट्यावर बसत आणि मांडीवर पाटी घेऊन लिहायला लागत. आधी पाटीवर, मग कागदावर. पाटीवर खोडता येतं, आणि बाबा फार खोडत. मजकूर झाला की मोठ्यानं वाचून दाखवत, आणि आम्ही भावंडं भाकरीचा घास हातात धरून ऐकत असू. जवसाची चटणी, वर तेलाची धार आणि बाबांचं वाक्य, अशी आमची रात्रीची जेवणं. इतर मुलींना गाणी पाठ होती तशी मला बाबांची वाक्यं पाठ होती.

आईचा या सगळ्याशी संबंध खळीपुरता. पत्रकं भिंतीवर चिकटवायला मैद्याची खळ तीच शिजवायची, आणि पातेल्यात ढवळताना म्हणायची की एवढ्या मैद्यात पोट्ट्यांच्या करंज्या झाल्या असत्या. ती दिवसभर बिड्या वळायची. सुपात पानं, पानांवर कात्रीची कचकच, घरभर तंबाखूचा उग्र वास, आणि वर छपरावरच्या कवेलूंच्या फटीतून खाली येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्या. आईला वाचता येत नव्हतं. बाबांनी शिकवायचा प्रयत्न केला होता असं म्हणतात, पण बाबांचं शिकवणं म्हणजे भाषण, आणि आईला ते ऐकायला वेळ नव्हता.

पत्रकं छापायची ती शामरावकाकांकडे. त्यांचा छापखाना म्हणजे कामठी रोडला लागून एक पत्र्याची खोली आणि तिच्यात पायानं चालवायचं ट्रेडल मशीन. त्याचा आवाज मला अजून कुठंही ओळखू येईल, खटाक, मग एक श्वास, मग धप्प. आम्ही मुलं खाली चटईवर बसून ओल्या शाईचे कागद सुटे करत असू. लग्नपत्रिकांवर काकांचं पोट चालायचं आणि बाबांच्या पत्रकांवर त्यांचा अभिमान.

वस्ती नझूलच्या, म्हणजे सरकारच्या जागेवर होती. मी लहान असताना एका उन्हाळ्यात ती हटवायच्या नोटिसा आल्या, तेव्हा बाबांनी त्यांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक लिहिलं. त्याचं शीर्षकच प्रश्न होतं: ‘आमचं इथं काय आहे?’ आणि खाली एकेक ओळ उत्तर. ‘ज्या मातीत आमचे बाप राबले ती माती आमची नाही. ज्या विहिरी आम्ही खोदल्या त्यांचं पाणी आमचं नाही. ज्या जागेवर आमची चूल पेटते ती जागा आमची नाही. या देशात आमचं म्हणावं असं काहीही नाही.’ वस्ती हटली नाही. पत्रकामुळे की निवडणुका जवळ आल्यामुळे, कोण जाणे, पण वस्तीनं श्रेय पत्रकाला दिलं. पुढं दर सभेला मला टेबलावर उभं करून ते म्हणायला लावत. शीर्षकाचा प्रश्न कोणीतरी मोठा माणूस विचारायचा आणि मी मूठ वळून उत्तर द्यायची. शेवटच्या ओळीला टाळ्या ठरलेल्या. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहायला लागले आणि ती बाबांच्या पत्रकांपेक्षा जहाल असत. नुसत्या मागण्या करणं मला भिकेसारखं वाटे. मला जाब विचारायचा असे. एम.ए.च्या वर्गात एका प्राध्यापकांना मी भर तासाला जाब विचारला, त्यांनी मला बाहेर काढलं, आणि मी बाहेर बसून त्या प्रसंगावर पत्रक लिहिलं. मी अशी होते. आज ती मुलगी रस्त्यात भेटली तर मी तिला चहा पाजीन, पण तिच्याशी फार वेळ बोलू शकेन असं वाटत नाही.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात माझी निवड झाली ती याच जहालपणामुळे असावी. तिकडच्या एका समाजशास्त्राच्या प्राध्यापकांना मी लांबलचक पत्र लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं की प्रवेश, शिष्यवृत्ती, राहणं, जाणं-येणं, सगळ्याची व्यवस्था विद्यापीठ करील. पोस्टमन ते पत्र घेऊन आला तेव्हा वस्तीतले लोक लिफाफाच हातात घेऊन बघत होते. मग पासपोर्ट झाला. चौकशीला पोलीस आला, आमच्या ओट्यावर चहा प्याला, बाबांचं एक पत्रक वाचलं, ‘लिहिता चांगलं’ म्हणाला आणि गेला. आता राहिला होता फक्त व्हिसा. हा शब्द आम्ही सगळेच पहिल्यांदा ऐकत होतो. मुंबईच्या वकिलातीत जाऊन पासपोर्टावर शिक्का मारून आणायचा, एवढंच आम्हाला कळलं होतं. बाबांचा युक्तिवाद बिनतोड होता. आपल्या सरकारनं पासपोर्ट दिला म्हणजे जा म्हटलं, तिकडच्यांनी पत्र पाठवलं म्हणजे ये म्हटलं, आता मधे अडवणारा कोण?

म्हणून सत्कार आधी झाला. आमच्याकडे कोणी मॅट्रिक झालं, कोणाला रेल्वेत नोकरी लागली, तरी विहारात सत्कार व्हायचा आणि त्याचं पत्रक निघायचं. परदेशी जाणाऱ्या पहिल्या मुलीचं पत्रक तर गुलाबी नाही, पांढऱ्या जाड कागदावर निघालं: ‘आपल्या वस्तीची कन्या उच्च शिक्षणासाठी परदेशी रवाना होत आहे’. ते नागपूरभर वाटलं गेलं, कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत आमचे जे दूरचे नातेवाईक होते त्यांनी तिथल्या बसथांब्यावरही चिकटवलं. मे महिना. विहाराच्या पत्र्याखाली माणसं घामानं निथळत होती. एकामागून एक भाषणं झाली. भिंतीवरच्या तसबिरीकडे हात करून एक जण म्हणाले की ते बोटीनं गेले होते, आमची लेक विमानानं जाईल, आणि मला मान वर करता येईना, कारण मला ते आवडलं होतं. मग आमच्या वस्तीतले शिंपी मोतीरामभाऊ पुढं आले. त्यांनी एका मासिकातलं चित्र बघून माझ्यासाठी जाड लोकरी कापडाचा ओव्हरकोट शिवला होता. असा कोट त्यांनी जन्मात शिवला नव्हता. तो घोट्यापर्यंत होता आणि खांदे दुसऱ्याच कोणाचे होते. लोकांनी तो मला तिथंच घालायला लावला. त्या उन्हाळ्यात, त्या कोटात उभं राहून मी भाषण केलं. काय बोलले ते सांगत नाही. वस्तीवर मी उपकार करायला निघाले आहे असा त्याचा सूर होता, एवढं पुरे.

मुलाखतीची तयारी ओट्यावर झाली. आमची कल्पना अशी की ही परीक्षा असते. बाबा भूगोल विचारत, शामरावकाका इतिहास विचारत, आणि मोतीरामभाऊ साहेबाचा आवाज काढून हिंदीत विचारत, ‘ये कोट किसने सिया?’ त्यावर मी ‘मिस्टर मोतीराम, सर’ असं इंग्रजीत म्हणायचं आणि सगळ्यांनी हसायचं. त्या उत्तरावर ते खूश असत. खरा प्रश्न कोणाच्याच डोक्यात आला नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं. आमच्यापैकी कोणी कुठं गेलंच नव्हतं, मग परत येणार का, हे कोण विचारील?

बाबांना गिरणीतून सुटी मिळाली नाही, म्हणून मी एकटीच मुंबईला गेले आणि मैत्रिणीच्या मावशीकडे उतरले. वकिलातीतली खोली थंड होती, इतकी की मला वाटलं तो कोट आणायला हवा होता. काचेपलीकडचा अधिकारी माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा असेल. नाकावर तांबूस ठिपके, बाह्या दुमडलेल्या, बोलणं मऊ. तो तुच्छतेनं वागला असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. त्यानं विचारलं काय शिकणार, मी सांगितलं. खर्च कोण करणार, मी पत्र दाखवलं. त्याचं समाधान झालेलं दिसलं. त्यानं पेन उचललं आणि सहज, शेवटचं म्हणून, विचारलं की शिक्षण झाल्यावर परत येण्यासारखं तुमचं इथं काय आहे.

मी प्रश्नाचा फक्त शेवट ऐकला. तुमचं इथं काय आहे. लहानपणापासून मी या प्रश्नावर टेबलावर चढत आले होते. माझी पाठ ताठ झाली. मूठसुद्धा वळली असावी. मी सुरू झाले. ज्या मातीत आमचे बाप राबले ती माती आमची नाही. ज्या विहिरी आम्ही खोदल्या त्यांचं पाणी आमचं नाही. माझं इंग्रजी एरवी अडखळायचं, त्या दिवशी ते अडखळलं नाही. शेजारच्या खिडकीवरचे लोक वळून बघायला लागले आणि मला ते बघणं आवडलं. ज्या जागेवर आमची चूल पेटते ती जागा आमची नाही. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं होतं आणि तो खरोखर ऐकत होता. या देशात आमचं म्हणावं असं काहीही नाही, असं म्हणून मी थांबले. टाळ्यांची जागा होती ती. मला वाटलं मी जिंकले.

त्यानं माझे कागद नीट एकावर एक लावले. मग म्हणाला की तुम्ही फार चांगलं बोललात आणि जे सांगितलंत ते ऐकून मला वाईट वाटलं. पण आमच्या कायद्याप्रमाणं विद्यार्थी परत जाईल अशी माझी खात्री पटावी लागते, आणि तुम्ही स्वतःच मला सांगता आहात की इथं तुमचं काही नाही. असं असताना मी कसा मान्य करू? परिस्थिती बदलली तर पुन्हा अर्ज करा. पासपोर्ट त्यानं दोन्ही हातांनी परत दिला.

मी पुन्हा कधी अर्ज केला नाही. ती जागा विद्यापीठानं दुसऱ्या कोणाला दिली आणि मी नागपुरातच शिकवून निवृत्त झाले. आता धरमपेठेत या मुलाखतीचे क्लास चालतात. माझी भाची तिथं जायची. एके दिवशी तिनं मला त्यांची प्रश्नांची यादी वाचून दाखवली. हा प्रश्न आला तेव्हा म्हणाली, ‘मावशी, हा तर सगळ्यात सोपा.’ मी पंखा वाढवायला उठले.

त्या वेळी मुंबईहून परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत मला फक्त राग आला होता. एका दलित मुलीला गोऱ्या माणसानं नाकारलं, हे वाक्य मी चार तऱ्हांनी मनात लिहून पाहिलं. बडनेरा आलं तोवर ते वाक्य लिहिलं जाईना. त्यानं माझी जात विचारली नव्हती. तो मला वाईट शब्द बोलला नव्हता. माझंच बोलणं त्यानं खरं धरलं होतं, आणि मला ते खरं धरल्याचा राग येत होता. मग ज्यांनी विहारात बसून टाळ्या वाजवल्या त्यांचे चेहरे एकेक करून डोळ्यासमोर यायला लागले आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले. सामानात सगळ्यांनी बांधून दिलेलं खाणं तसंच होतं, लाडू, चिवडा, आणखी काय काय. ते सोडायचं धाडस झालं नाही.

सायकलरिक्षा वस्तीत शिरली तशी मुलं मागं धावायला लागली. ओट्यावर माणसं जमली. मी म्हटलं शिक्का नाही मिळाला. कोणीतरी लगेच विचारलं, तिथंही जात विचारली काय? मी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि पीत राहिले. तांब्या खाली ठेवला तोवर सगळ्यांचं ठरून गेलं होतं. एक जण म्हणाला सातासमुद्रापलीकडं गेलं तरी आपलं नशीब तेच. बायकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बाबा आत गेले आणि पाटी घेऊन बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मजकूर वाचून दाखवला. ‘तिची जात पाहून तिला परत पाठवले! सातासमुद्रापलीकडेही तोच अन्याय!’ उत्तम झाला होता. बाबांनी इतकं चांगलं बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं काही बदलायचं काय. मी म्हटलं नाही. ते कागद वाटेत शामरावकाकांकडे अक्षरं जुळवायला देऊन गिरणीत गेले. सुटल्यावर तसेच परत तिकडे जाणार होते.

दुपारी घरात आई आणि मीच होतो. आई बिड्या वळत होती, मी पानं कापून देत होते. तिनं अजून काहीच विचारलं नव्हतं. वळता वळता, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं की त्या साहेबानं नेमकं काय विचारलं. मी सांगितलं. मग तिनं विचारलं तू काय म्हणली. मी तेही सांगितलं, अगदी हळू आवाजात, चारही ओळी. इतकी वर्षं टेबलावरून ओरडलेली ती वाक्यं बसून हळू म्हटल्यावर किती वेगळी वाटतात, हे मला तेव्हा कळलं.

आईची बोटं थांबली नाहीत. हातातली बिडी पुरी केली, दोरा गुंडाळला, सुपात टाकली.

‘त्यानं विचारलं तुह्यं हिकडं काय हाये,’ ती म्हणाली, ‘अन् तू म्हणली काहीच नाही?’

‘हो.’

‘मंग मी कोण होती वं?’

तिनं दुसरं पान घेतलं. रागावली असती तर मी उत्तर शोधलं असतं, वाद घातला असता. मला वाद घालता येत होता, तेवढंच तर येत होतं. पण तिला उत्तर नकोच होतं. ती पान ओलं आहे का बघत होती. आयुष्यात मला अनेकांनी सुनावलं, सभेत, कॉलेजात, वर्तमानपत्रात. त्यातलं काही आज आठवत नाही. हे आठवतं, आणि ते सुनावणं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं सूप बाजूला सरकवलं. ‘तुहा बाप गिरणीतून तिकडेच जाऊन राहिला आज. कागद छापून राहिले ते. छापला म्हंजे मंग वापस नाही घेता येत. जाय, सांगून दे त्याले.’

‘तू सांग ना आई.’

‘मी काहून सांगू? मी म्हणली होती काय?’

गिरणीचा भोंगा होऊन बराच वेळ झाला तेव्हा कुठं मी छापखान्याच्या वाटेला लागले. ऊन उतरलं नव्हतं, डांबर चपलेला चिकटत होतं. लांबूनच ट्रेडलचा आवाज ऐकू आला आणि मी पाय उचलला, पण आत गेले तर मशीनवर कोणाची तरी लग्नपत्रिका चालू होती. बाबांचा मजकूर जुळवून झाला होता, चौकटीत कसून बांधून टेबलावर ठेवला होता, पुढचा नंबर त्याचाच. बाबा वाकून शिशाची उलटी अक्षरं वाचत होते. मला बघून त्यांना वाटलं मी कागद सुटे करायला आले. चटईकडे हात करून म्हणाले बस.

मी बसले नाही. म्हटलं, बाबा, त्यानं जात नाही विचारली.

शामरावकाकांनी पाय थांबवला. मशीन एकदा धप्प करून उभं राहिलं. मी सगळं सांगितलं. काल मी गप्प बसले तेही सांगितलं, कारण त्याच्याशिवाय बाकीचं सांगून उपयोग नव्हता. बाबा ऐकत होते, पण मी दुसऱ्या ओळीवर आले तेव्हा त्यांचे ओठ माझ्यासोबत हलायला लागले, सभेत हलायचे तसे. तिसऱ्या ओळीवर ते हलायचे थांबले.

‘सगळं म्हणली? शेवटपर्यंत?’

‘हो.’

‘शेवटची ओळपण?’

‘ती पण.’

बाबा स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा मी सभेत पाहिला होता, पोलिसांपुढं पाहिला होता, घर हटवायला आलेल्या साहेबांपुढं पाहिला होता. असा कधी पाहिला नव्हता. माझी शरम मला सोसत होती. त्यांच्या चेहऱ्यावर ती बघणं सोसेना. ते म्हणाले, ‘ते मी नझूलच्या साहेबाले लिहिलं होतं, पोरी. त्याच्यापुढं तेच बोला लागत होतं.’ मग स्वतःशीच, ‘तुले घरात दुसरं काही शिकवलंच नाही मी.’

मला म्हणायचं होतं की चूक तुमची नाही. ते त्यांनी ऐकलं नसतं. त्यांनी शामरावकाकांना मजकूर सोडायला सांगितलं. काका कुरकुरले, इतकं कसलेलं सोडायचं म्हणजे संध्याकाळ जाईल, पण त्यांनी दोरी सोडली आणि अक्षरं उचलून एकेका खणात टाकायला लागले. बाबा म्हणाले चाल. मला वाटलं घरी.

घरी नव्हतं जायचं. वस्तीच्या पहिल्या दारापुढं बाबा थांबले, चपला काढल्या नाहीत, आत बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, ‘सुजाताले शिक्का नाही भेटला. जातीपायी नाही. काल तुम्ही आयकलं ते खोटं होतं. तिनं तिथी माह्यं पत्रक म्हणून दाखवलं. इथी काहीच नाही म्हणली, अन् साहेब म्हणे, काहीच नाही त परत कायले येशील.’ एवढं सांगून पुढच्या दारी. तिथंही तेच, त्याच शब्दांत. आयुष्यभर छापील कागदानं बोललेला माणूस दारोदार तोंडानं सांगत चालला होता आणि मी दोन पावलं मागं, पदर घट्ट धरून. मी म्हटलं बाबा, उद्या सभेत एकदाच सांगू. ते म्हणाले, ‘सत्काराचं पत्रक घरोघरी गेलं होतं.’

लोक काय म्हणतील याचे मी हजार प्रकार मनात केले होते. त्यातलं काहीच झालं नाही. कोणी नुसतं ‘बरं’ म्हणालं. कोणी विचारलं मग आता नोकरी करशील काय. एका बाईनं माझ्या हातावर गरम भजी ठेवली, कारण कढई चुलीवर होती आणि मी दारात होते. मोतीरामभाऊ शिलाई मशीनवर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांना हसू आवरेना, खोकला येईपर्यंत हसले. ‘पत्रकवाले,’ ते म्हणाले, ‘तुमचं पत्रक जबरच हाये म्हणा मंग. नझूलच्या साहेबाले पटलं होतंच, आता अमेरिकेच्या साहेबालेबी पटलं.’ बाबासुद्धा हसले, किंवा हसल्यासारखं केलं. मला हसता आलं नाही. कोणी एखादा शब्द टाकून बोललं असतं तर मला हलकं वाटलं असतं. पण दार संपायचं, पुढचं दार यायचं, आणि तिथंही मला पाणी विचारलं जायचं.

शेवटचं घर गंगूआजीचं. तिला कोणीच उरलं नव्हतं, वस्तीच तिला सांभाळायची. दिवस मावळत होता, ती दारात बाजेवर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण माझ्या चपलेच्या आवाजावरून तिनं मला ओळखलं. विहारातल्या सत्काराला ती पहिल्या रांगेत होती. त्यानंतर मी दिसले नाही, आणि आज दिसत होते, एवढाच तिचा हिशोब.

‘कोण, सुजाता? आली काय वं जाऊन?’

बाबांनी तोंड उघडलं. सुजाताले, असं म्हणायला सुरुवात केली. म्हातारीनं माझा हात हातात घेतला, चाचपला, माझ्या बोटांवरून तिची बोटं फिरवली, मी परदेशी जाऊन वाळले की काय ते बघितलं. ‘लवकर आली बाप्पा. मी म्हणत होती, आता काही पोट्टीची भेट होत नाही आपली.’

बाबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. वाक्य अर्ध्यावर सोडून ते बाजेच्या पायथ्याशी बसले, त्या संध्याकाळी पहिल्यांदा बसले, आणि खिशातून बिडी काढून नुसतीच बोटांत फिरवत राहिले.

‘कशे हायेत वं तिकडचे लोकं?’ आजीनं विचारलं.

‘चांगले आहेत, आजी,’ मी म्हटलं.